रूम सुटली, आता गेम कुणाचे?

पत्र:
ताई, आम्ही चौघं दोन वर्षं कर्वेनगरला एकत्र राहिलो. प्लेस्टेशन ५ माझा, पण गेम सगळ्यांनी कॉन्ट्री काढून घेतले. ७ डिस्क आहेत, साधारण २४,००० रुपयांच्या. ९ गेम माझ्या अकाउंटवर डाउनलोड केलेले आहेत, ते साधारण २८,०००चे. आता रूम सुटतेय. एकाला बेंगळुरूला नोकरी लागली, तो म्हणतो माझे १३,००० परत दे. डाउनलोड केलेले गेम विकायला बघितले तर तशी सोयच नाही. एका ग्रुपवर एक जण माझं अख्खं अकाउंट ९,०००ला घ्यायला तयार आहे. इचलकरंजीचे काका म्हणतात डिस्क मला दे, दुकानात दिवसाला ५० रुपये भाड्याने लावतो. त्यात माझ्याकडच्या एका जुन्या प्लेस्टेशन ३ च्या डबीमागे उसनं देणं, भाड्याने देणं, पुन्हा विकणं सगळं मना आहे असं छापलंय. म्हणजे आजवर मित्रांना डिस्क दिल्या तो गुन्हा झाला का? आणि परवा सेकंड हँड घेतलेल्या फुटबॉलच्या डिस्कबरोबरचा कोड आधीच वापरलेला निघाला, त्याचं काय करू?
— हिशोबात अडकलेला, पुणे

उत्तर:
गुन्हा-बिन्हा काही झालेला नाही, ते आधी डोक्यातून काढ. मित्राला डिस्क खेळायला दिली, त्याने परत आणून दिली (किंवा नाही दिली, तसंही होतंच), यात कायद्याने पडायचं कारण नाही. १३,०००चा वाद मी शेवटी घेणार आहे. तुमच्याकडे विकण्याजोगं नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय तो सुटायचा नाही.

डबीमागची ओळ खरी आहे. त्या काळात युरोपसाठी छापलेल्या डब्या आपल्याकडेही यायच्या आणि त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत ही लांबलचक यादी असायची: नक्कल, भाडं, उसनवारी, पुनर्विक्री, पार्लरमध्ये पैसे घेऊन खेळवणं, सगळं मना. पण कंपनीने छापलं म्हणून तो कायदा होत नाही. आपल्याकडे बघायचा तो १९५७चा कॉपीराइट कायदा, त्यातलं कलम १४. संगणक प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा आणि व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क त्यात कॉपीराइटच्या मालकाला, म्हणजे गेम कंपनीला, दिलेला आहे. १९९४च्या दुरुस्तीत या कलमाला एक शेपूट लावलं होतं: ती प्रत याआधी विकली गेली असो वा नसो, तरी हक्क मालकाचाच. म्हणजे कडक अर्थ लावला तर तू रोख पैसे मोजून आणलेली डिस्क पुढे विकायलाही कंपनीची परवानगी लागली असती. १९९९च्या दुरुस्तीने ते शेपूट छाटलं. पुढे २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परदेशी सॉफ्टवेअरवरच्या आयकराच्या मोठ्या खटल्यात (एंजिनिअरिंग ॲनालिसिस या नावाने तो ओळखला जातो) नेमक्या याच छाटणीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की एकदा विकल्या गेलेल्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर मालकाचा हक्क राहू नये असाच संसदेचा हेतू दिसतो. खटला कराचा होता, गेमचा नव्हता. पण कलम तेच. तेव्हा तुझ्या ७ डिस्क तू खुशाल विक.

हे भांडण काही आपल्याकडचंच नाही. जपानमध्ये गेम कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांना थेट कोर्टात खेचलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की गेम हा एक प्रकारचा चित्रपट आहे आणि चित्रपटाच्या प्रती कुठे फिरायच्या हे ठरवायचा हक्क आमचा. एप्रिल २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गंमतच केली. गेम हा चित्रपट आहे हे मान्य केलं, पण पहिल्या विक्रीनंतर तो हक्क संपला असंही सांगितलं. दुकानं वाचली. तुझं प्लेस्टेशन बनवणारी सोनी आणि दुसरी गेम कंपनी निन्टेन्डो यांच्या घरच्या अंगणातली ही गोष्ट.

कोर्टात जमेना, तेव्हा कंपन्यांनी तेच काम मशीनकडून करून घ्यायचा प्रयत्न केला. तू तेव्हा शाळेत असशील. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हे गेम मशीन जाहीर केलं. त्याच्या अटी अशा: मशीनने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. गेम मित्राला द्यायचा तर एकदाच, आणि तोही तुझ्या यादीत किमान ३० दिवस असलेल्या मित्रालाच. त्या मित्राने तो पुढे कुणाला द्यायचा नाही. जुना गेम विकायचा तर ठराविक दुकानांत, प्रकाशकाने परवानगी दिली तर. लोक भडकले. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमच्या मेळ्यात सोनीने व्यासपीठावरून सांगितलं, की आमच्या प्लेस्टेशन ४ वर असलं काही नाही. वर एक छोटा व्हिडिओ काढला: ‘गेम मित्राला कसा द्यावा.’ पहिली पायरी म्हणून सोनीचे तेव्हाचे अधिकारी शुहेई योशिदा शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात डबी ठेवतात, तो थँक्स म्हणतो, व्हिडिओ संपला. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळ्या अटी मागे घेतल्या.

सोनीचं एवढं कौतुक करून थांबायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या ग्राहकांसाठीच्या अटी लोकांनी वाचायला घेतल्या, तर आत लिहिलेलं: डिस्क असो वा डाउनलोड, आमच्या परवानगीशिवाय पुन्हा विकायचं नाही. योशिदांना ट्विटरवर येऊन खुलासा करावा लागला, की डिस्क विकता येतील, देताही येतील. व्यासपीठावर एक आणि बारीक अक्षरात दुसरं. तुझ्या डबीमागची ओळ याच घराण्यातली.

तर डिस्क तुझी, म्हणजे तुमची. डाउनलोडचं तसं नाही, आणि इथेच तुमचा सगळा घोळ आहे.

स्टोअरवरून गेम घेतला, की तुझ्या अकाउंटला तो खेळायची मुभा मिळते, एवढंच. ती मुभा काढून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तसं बटणच कुठे नाही. हे बरोबर आहे का? युरोपात यावर बरीच वर्षं डोकी फुटली. २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ओरॅकल कंपनीविरुद्धच्या प्रकरणात म्हटलं, की कायमस्वरूपी विकलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड केलेलं असलं तरी ते पुढे विकता येतं. ते वाचून फ्रान्समधली यूएफसी-क श्वाझीर ही ग्राहक संघटना स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मागे लागली. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला आणि जगभरच्या गेमरांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. २०२२ मध्ये अपिलात तो उलटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही व्हॉल्व्हचंच म्हणणं उचलून धरलं.

त्यातलं एक कारण मला खरोखर विचार करायला लावणारं वाटतं. डिस्कवर चरे पडतात, डबी फुटते, म्हणून जुनी डिस्क नव्याहून स्वस्त. डाउनलोडची ‘जुनी’ प्रत मात्र नवीइतकीच कोरी. ती अर्ध्या किमतीत मिळू लागली तर नवी कोण घेईल? मुद्दा पटण्यासारखा आहे, हे मी कबूल करते. पण मग डाउनलोडची किंमत डिस्कइतकी का लावता, याचं उत्तर कुठलीच कंपनी देत नाही. छपाई नाही, डबी नाही, वर ग्राहकाला पुढे विकायची सोयही नाही. आणि तरी नवा गेम आला की तेवढेच पैसे. यात गिऱ्हाइकाच्या खिशाला सरळसरळ कात्री आहे. त्यामुळे एकदा खेळून बाजूला ठेवायचे गेम डिस्कवर घ्यावेत आणि वर्षानुवर्षं रोज खेळायचा एखादा डाउनलोड करावा, तोही सेल लागल्यावर, असं माझं मत आहे.

उसनं द्यायच्या बाबतीत अलीकडे थोडी ढील मिळतेय. स्टीमवर २०२४ पासून एका घरातले ६ जण एकमेकांच्या लायब्ररीतले गेम खेळू शकतात, पण एका ‘कुटुंबात’ शिरल्यापासून वर्षभर दुसऱ्यात जाता येत नाही. तुझा गेम खेळताना घरातल्या कुणी चीटिंग केली आणि तो पकडला गेला, तर त्या गेमवर तुलाही बंदी बसते. निन्टेन्डोने २०२५ मध्ये डाउनलोड गेम फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला २ आठवड्यांसाठी द्यायची सोय केली. मुदत संपली की गेम आपोआप घरी. वाचनालयाची शिस्त, फक्त दंड नाही. पण दोन्हीकडे गृहीत धरलंय ते एका छताखालचं कुटुंब. रूमची वाटणी झाल्यावर चार गावांना पांगलेले चार मित्र कुणाच्याच व्याख्येत बसत नाहीत.

आता ते ९,०००वालं अकाउंट. नको. ठाम नको. कंपनीच्या अटींत अकाउंट विकायला मनाई आहे. कळलं तर ते बंद होतं आणि त्यातले नऊच्या नऊ गेम जातात. पण मला जास्त काळजी वेगळी आहे. त्या अकाउंटला तुझा ईमेल जोडलाय, बहुतेक कार्डही. तू सगळं काढून टाकलंस तरी उद्या त्या माणसाने त्यावरून काही उद्योग केला, तर नोंदीत आधी तुझं नाव सापडणार. आणि उलट बाजूने, अकाउंट विकून पैसे खिशात घालायचे आणि महिन्याभराने जुन्या ईमेलवरून पासवर्ड बदलून ते परत ताब्यात घ्यायचं, हा त्या ग्रुपांवरचा मुरलेला धंदा आहे. म्हणजे तू सज्जन असलास तरी घेणारा तुझ्याकडे संशयानेच बघणार. ‘आधी ओटीपी पाठव, मग पैसे टाकतो’ असं तो म्हणाला, की तिथेच ब्लॉक कर.

बेंगळुरूवाला कदाचित म्हणेल, की पैसे राहू दे, तुझा पासवर्ड दे, मी तिकडे माझ्या मशीनवर लॉगिन करतो. मशीनमध्ये शेअरिंगचं सेटिंग आहे, ते एका वेळी एकाच प्लेस्टेशन ५ वर चालू करता येतं, आणि पोरं ते मित्राच्या मशीनवर चालू करून देतात हे मलाही माहीत आहे. पण ते सेटिंग तुझ्या स्वतःच्या मशीनसाठी आहे. १३,०००वरून आत्ताच वाजलेल्या माणसाच्या हातात माझं अकाउंट मी तरी देणार नाही.

काकांचं मात्र मला वाईट वाटतं, कारण त्यांच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली टीव्ही गेमच्या कॅसेट भाड्याने मिळायच्या. डिपॉझिट ठेवायचं, एक दिवसाचं भाडं द्यायचं, आणि कॅसेट चालली नाही की खालच्या बाजूने जोरात फुंकर मारायची. त्या कॅसेटवर ‘९९९ गेम’ असं लिहिलेलं असायचं आणि आत दहा-बाराच गेम वेगवेगळ्या नावांनी फिरत असायचे. भाड्याचं सोड, मुळात त्यातली बहुतेक कॅसेटच चोरीची होती. कुणी कुणाला विचारलं नाही. पण काकांनी आज ५० रुपये रोजाचा बोर्ड लावला, तर गोष्ट वेगळी होते. १९९९च्या दुरुस्तीने विक्रीवरचं शेपूट काढलं तरी व्यापारी भाड्याचा हक्क मालकाकडे ठेवला. अपवाद आहे, पण तो प्रोग्रॅम ही भाड्याची मुख्य वस्तू नसते तेव्हाचा. उदाहरणार्थ गाडी भाड्याने दिली आणि तिच्या इंजिनात सॉफ्टवेअर आहे, तर हरकत नाही. काकांच्या दुकानात मुख्य वस्तू गेमच. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. इचलकरंजीत सोनीचा माणूस तपासणीला येईल असं मी म्हणत नाही. पण ५० रुपयांसाठी हे लोढणं गळ्यात कशाला? अमेरिकेत मात्र गेम भाड्याने देणं राजरोस चालायचं. तिथे १९९० मध्ये सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी करणारा कायदा झाला, पण त्यातून घरगुती गेम मशीनचे गेम वगळले. काकांना हे सांगू नकोस, ते तेवढंच धरून बसतील. डिस्क हव्याच असतील तर विकत घ्या म्हणावं, आणि विकत घेतलेल्या पुढे विका. जुन्या डिस्कची खरेदी-विक्री हा सरळ धंदा आहे.

फुटबॉलच्या डिस्कचे पैसे मात्र थोडे पाण्यात गेले. डबीतल्या चिठ्ठीवरचा कोड एकदाच चालतो, आणि तो पहिल्या मालकाने वापरला की दुसऱ्याला डिस्कवर जेवढं आहे तेवढंच. यामागेही इतिहास आहे. २०१० मध्ये ईए कंपनीने ‘ऑनलाइन पास’ काढला: नवी डिस्क घेतली तर ऑनलाइन खेळायचा कोड आत, जुनी घेतली तर तोच पास १० डॉलर भरून वेगळा घ्यायचा. जुन्या बाजारातल्या प्रत्येक डिस्कवर आपलाही हात मारून घ्यायचा तो डाव होता. इतरांनीही उचलला. लोकांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या, की २०१३ मध्ये ईएनेच तो गुंडाळला. त्यामुळे तुझा वापरलेला कोड बहुधा बोनस खेळाडूंचा किंवा तसल्या कशाचा असणार. ऑनलाइन सामने डिस्कवर खेळता यायला हवेत. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘कोडसकट’ लिहिलं असेल तर त्या स्क्रीनशॉटवर दोनशे-तीनशे परत माग, नसेल तर सोडून दे.

पुढच्या वेळी घेताना दोन गोष्टी बघ. डिस्क कुठल्या देशातली आहे, कारण गेम कुठलीही डिस्क टाकून चालतो, पण गेमला वरून विकत घेऊन जोडायचे जादा भाग त्याच प्रदेशाच्या अकाउंटवर चालतात. दुबईहून आलेल्या डिस्कमध्ये हा घोळ हमखास. आणि गेम कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतो का. यूबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांच्या हातात आता नुसती चकती आहे.

राहिला तुमचा हिशोब. तुझा मित्र आकडा (५२,०००चा चौथा हिस्सा) बरोबर सांगतोय आणि मागणी चुकीची करतोय. डाउनलोडवर तुम्ही घातलेले पैसे म्हणजे भाड्याच्या घराला स्वतःच्या खर्चाने काढलेला रंग. राहिलात तोवर भिंती छान दिसल्या. जाताना तो खरवडून नेता येत नाही. त्याच्या वाटचे ७,००० रुपये दोन वर्षांत वाटले तर महिन्याला तीनशेच्या आत पडतात, आणि तेवढ्यात त्याने ९ गेम खेळले. हे त्याला सांग. पण लगेच स्वतःलाही दुसरी बाजू सांग: ते ९ गेम उद्यापासून तू एकटा खेळणार आहेस. घर तुझ्याकडे राहिलंय. तेव्हा ‘डाउनलोड गेले, विसर’ असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही.

मी असं करीन. आधी डिस्क. ज्याला जी हवी त्याने ती आजच्या जुन्या बाजाराच्या भावाने घ्यावी, उरलेल्या विकाव्यात, आणि सगळी रक्कम चौघांत समान. समजा सगळ्यांचे मिळून १२,००० आले, तर प्रत्येकी ३,०००. मग डाउनलोडमधले तू खरंच पुढे खेळणार आहेस ते किती, प्रामाणिकपणे मोज. समजा ३. स्टोअरवर सेल लागतो तेव्हाचा त्यांचा भाव धर, मूळ भाव नको. समजा १,५०० प्रत्येकी, म्हणजे ४,५००; त्याचा चौथा हिस्सा १,१२५. एकूण झाले ४,१२५. १३,००० आणि ४,१२५ यांत अंतर मोठं आहे, तो कुरकुरणार. कुरकुरू दे. मात्र जे त्याला देशील तेच बाकी दोघांनाही दे. ते गप्प आहेत म्हणून त्यांचे पैसे बुडवायचे आणि जो ओरडतो त्याला द्यायचे, असं करू नकोस; हा गडबडगुंडा फ्लॅटच्या डिपॉझिटच्या वेळी तुझ्याच अंगावर येईल.

आणि हे तोंडी नको. चौघांच्या ग्रुपवर गेमची नावं, डिस्कचा विकला गेलेला भाव आणि प्रत्येकाचा आकडा एकाच मेसेजमध्ये टाक, डिस्क विकल्याचे स्क्रीनशॉट जोड, आणि ‘रविवारपर्यंत कुणाला काही म्हणायचं असेल तर सांगा, सोमवारी पैसे टाकतो’ एवढं लिही. डिस्क हातातून जायच्या आधी उजेडात धरून मागची बाजू बघ आणि फोटो काढून ठेव, म्हणजे नंतर ‘चरा आधीचाच होता’ यावरून दुसरं भांडण नको. मशीनवर त्या तिघांनी उघडलेले यूजर काढून टाकण्याआधी त्यांना विचार. कुणाचे शंभर तास खेळून झालेले सेव्ह त्यात असतील, ते त्यांना आधी क्लाउडवर चढवून घेऊ दे.